वजा केलेला चेहरा

आईच्या स्वप्नात मी एकदाही आले नाही, हे मला एका मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता कळलं. तेव्हा माझ्या हातात तिचं बेडपॅन होतं.

हे मी मनाचं सांगत नाही, लेखी आहे. गेल्या सहा महिन्यांत आईच्या स्वप्नांत कोण किती वेळा आलं, याचा तक्ता दादानं मला फोनवर पाठवला होता. उदय, म्हणजे आमचा दादा: दोनशे अकरा वेळा. बाबा, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली तरी: नव्वद. मधुरावहिनी: छत्तीस. दादाच्या घरचं कुत्रं, आईनं ज्याला उभ्या जन्मात दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा लांब हाकललंय: चौदा. कुत्र्याच्या खाली माझं नाव होतं. हेमांगी: शून्य.

मी बेडपॅन धुतलं, हात धुतले आणि तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. शून्य तसंच होतं.

दोन वर्षांपूर्वी आईला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र लख्ख राहिली, आणि हे जास्त वाईट असं मला कधीकधी वाटायचं. मिरजेत आमचा फोटो स्टुडिओ आहे, बाबांनी काढलेला. बाबा फोटो काढायचे आणि आई रिटचिंग करायची. मांजराच्या मिशीएवढ्या बारीक ब्रशानं नवऱ्यामुलींच्या गालावरचे देवीचे व्रण ती अशी घालवायची की सासरचे लोक लग्नानंतर फोटो घेऊन भांडायला यायचे. ‘असलेलं झाकते, नसलेलं घालत नाही,’ असं ती त्यांना सांगायची. तिचा तो हात आता चादरीवर ठेवला तर तिथंच राहतो, उचलून दुसरीकडं ठेवला तर दुसरीकडं.

डावा हात चालतो. दवाखान्यातल्या बाईंनी सुरुवातीला शिकवलं होतं की पलंगाच्या लोखंडी कठड्यावर एकदा ठोकायचं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आईच्या बोटात तांब्याची अंगठी आहे, तिचा टक असा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. पाणी हवं? टक. पंखा वाढवू? टक टक. दीड वर्ष आमचं असं चाललं होतं. मग दादानं डोक्यावर बांधायची, स्वप्नं टिपणारी ती पट्टी पाठवली.

पट्टीचं शास्त्र मी समजून घेतलंय, कारण समजून न घेता राग धरणं मला जमत नाही. स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, एका रात्रीत चार-पाच वेळा. पण झोपेच्या त्या टप्प्यात मेंदूत आठवण पक्की करणारी रसायनं जवळजवळ बंद असतात. म्हणून जाग आल्यावर पाचेक मिनिटांत स्वप्न विरून जातं. हाती राहतात ते तुकडे, आणि मधल्या जागा आपण चहा पिता पिता पदरचं घालून भरतो. पट्टी झोपत नाही की विसरत नाही. मेंदूतल्या पेशी काम करताना अतिशय क्षीण असं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते ती डोक्यावर बसून मोजते. जागेपणी एखादा चेहरा पाहिला की मेंदूच्या मागच्या भागात त्याची ठरावीक नक्षी उमटते. स्वप्नात तोच चेहरा आला की तीच नक्षी, जरा फिकट, पुन्हा उमटते. म्हणून आधी माणसाला जागेपणी ओळखीचे फोटो दाखवून प्रत्येकाची नक्षी टिपून घेतात, आणि रात्री पट्टी त्या नक्ष्या शोधत बसते. सकाळी सातला तिची नोंद फोनवर येते, अगदी दुधाच्या पिशवीसारखी वेळेवर.

सहा महिन्यांत त्या नोंदीची आम्हाला चटक लागली. आईनं रात्री पाणी बघितलं, मग तहान लागली असेल. आईनं बाबांना बघितलं, मग आज त्यांच्या फोटोला हार घालू. मी नोंद वाचायची आणि कामाला लागायची. तिच्याकडं बघून काही विचारायची गरजच उरली नव्हती.

त्या मंगळवारी तक्ता वाचून दहा मिनिटं झाली आणि दादाचा फोन आला.

“बघितलंस?” त्याचा आवाज भरून आला होता. दादा लबाड नाही, हे आधीच सांगते. लबाड असता तर सगळं सोपं गेलं असतं.

“बघितलं.”

“दोनशे अकरा वेळा, हेमा. ती तिथं पडल्या पडल्या रोज मला बघतीय आणि मी इथं हैदराबादेत मीटिंगा करत बसलोय. मला रात्रभर झोप नाही.”

“मग आता काय म्हणणं आहे?”

“शनिवारी दुपारी येतोय मी. झोपवून न्यायची गाडी ठरवलीय. आमच्याकडं मोठी खोली रिकामी आहे, दिवसाची एक, रात्रीची एक अशा दोन बायका ठेवतो. तिला माझ्याकडं यायचंय.”

“असं तिनं सांगितलं तुला?”

“आणखी कसं सांगणार ती? बाबा नेहमी म्हणायचे की, मनी वसे ते स्वप्नी दिसे.”

मग त्यानं समजूत घालायला जे वाक्य टाकलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“तू तिची सेवा केलीस, ते कुणी नाकारत नाही. पण ओढ वेगळी असते. वाईट वाटून घेऊ नकोस.”

सेवा. देवळातल्या वहीत लिहितात तसा शब्द. दोन वर्षं मी सलग चार तास झोपले नव्हते. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन वर्षांत तिच्या पाठीवर एक जखम झाली नव्हती, आणि याचा तक्ता कुणी काढला नव्हता. स्टुडिओ मी दुपारी फक्त तीन तास उघडत होते. लग्नाच्या ऑर्डरी दुसऱ्यांकडं गेल्या. हे सगळं मी कुणाच्या स्वप्नात यावं म्हणून केलं नव्हतं. पण शून्य?

आई दादाकडं गेली तर माझे दिवस मोकळे होतील, हे मला कळत होतं. तरीही मला ती घरात हवी होती. आणि तिला मी नको होते, असा लेखी पुरावा फोनवर आला होता. खरं सांगायचं तर दादापेक्षा मला आईचाच राग आला.

तो राग मी तिच्यावर काढला. हे लिहिताना लाज वाटते, पण घडलं ते असं. बुधवारी मी तिचे केस विंचरले ते एक शब्द न बोलता, गुंता निघेस्तोवर ओढून. भात भरवताना तिच्याकडं न बघता चमचा पुढं केला. गुरुवारी दुपारी तिनं कठड्यावर टक केलं. मी गेले नाही. पुन्हा टक. मग बऱ्याच वेळा, हो आणि नाहीच्या पलीकडचं, नुसतं ठोकणं. मी दारात जाऊन उभी राहिले.

“नुसतं ठोकत बसू नकोस,” मी म्हटलं. “काय हवं ते रात्री स्वप्नात बघ. सकाळी वाचते मी.”

तिचा हात कठड्यावरून खाली आला. तिनं मान भिंतीकडं वळवली. शुक्रवारी दिवसभर अंगठीचा आवाज आला नाही.

शनिवारी सकाळी मी शेजारच्या मगदूमकाकूंना आईपाशी बसवलं, पट्टी तिच्या डोक्यावरून काढली, डब्यात घातली आणि केंद्रावर गेले. ज्या कंपनीची ही पट्टी आहे, तिचं केंद्र बसस्टँडमागच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. टेबलामागं रुखसार मुजावर नावाची तिशीतली बाई बसली होती. पट्ट्यांच्या तक्रारी तिच्याकडं होत्या. मी डबा तिच्यापुढं जरा जोरातच ठेवला.

“हे परत घ्या.”

“बिघडलीय का, ताई?”

“नाही. फार चांगली चालते. आईच्या डोक्यात कुत्रं सापडलं तिला, मी नाही सापडले.”

ती हसली नाही. डब्यावरचा नंबर टाकून तिनं पडद्यावर आईची फाइल उघडली. बराच वेळ काहीतरी वर-खाली केलं.

“फोटो कुणी दिले होते?”

“मी. तीनशे बारा. तुमच्या माहितीपत्रकात होतं, गेल्या वीस वर्षांतले द्या, म्हणजे चेहरे आजचे राहतात.”

“तुमचे किती होते त्यात?”

मी मनातल्या मनात एकेक फोटो आठवला. दादाचं लग्न, दादाच्या मुलाचं बारसं, बाबांची साठी, वास्तुशांत, कुत्र्याचा वाढदिवससुद्धा. सगळे फोटो मीच काढलेले. ज्याच्या घरी स्टुडिओ असतो, त्याच्या घरातला फोटो काढणारा फोटोत नसतो. तीनशे बारा फोटो निवडताना ही गोष्ट माझ्या लक्षातही आली नव्हती. आईला माझी ओळख करून द्यायची काय गरज, मी तर तिच्यासमोरच होते.

“बरं, पण नुसता फोटो नसला तर तुमचा चेहरा ‘अनोळखी’ म्हणून तरी यायला पाहिजे होता,” रुखसार म्हणाली. “तसंबी आलेलं नाही. असं होत नसतंय. फोटो स्क्रीनवरच दाखवले नव्हं?”

“नाही.”

तिनं मान वर केली.

“आई स्क्रीनवरचे फोटो बघत नाही,” मी म्हटलं. “चाळीस वर्षं तिनं कागदावर काम केलं. स्क्रीन समोर धरली की डोळे मिटून घ्यायची. म्हणून मी सगळे मॅट कागदावर काढले, पोस्टकार्ड आकारात, आणि तिच्यासमोर बसून एकेक हातात धरून दाखवले. तीन दुपारी.”

“तीनशे बारा फोटो, आणि प्रत्येक फोटोच्या मागं तुम्ही.”

“हो.”

रुखसारनं खुर्ची मागं सरकवली आणि कपाळावर हात मारून घेतला. मग सांगितलं. एखाद्या फोटोची नक्षी वेगळी काढायची तर त्या वेळी माणूस आजूबाजूचं जे बघत असतो ते बाजूला करावं लागतं. म्हणून यंत्र एक सोपी गोष्ट करतं. प्रत्येक फोटोच्या वेळी जे बदललं ते फोटोतलं, आणि जे प्रत्येक वेळी सारखंच राहिलं ती पार्श्वभूमी. भिंत, पंखा, खिडकी. ती पार्श्वभूमी यंत्र वजा करून टाकतं. तेव्हाही करतं आणि नंतर रोज रात्रीही करतं, न चुकता.

“तुम्ही सगळ्या वेळी सारख्याच होता, ताई,” ती म्हणाली. “म्हणून तुम्हाला वजा केलंय.”

मला एकदम हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ इतका राग आला की टेबलाची कड धरून ठेवावी लागली. भिंत, पंखा, खिडकी आणि हेमांगी. यंत्रानं नवीन काही केलं नव्हतं. आमच्या घरानं जे तीस वर्षं केलं होतं, तेच त्यानं गणितानं केलं होतं. आणि वजाबाकीला लागणारे तीनशे बारा कागद मी माझ्या हातानं छापून, कापून, कडा सारख्या करून दिले होते.

“जे वजा केलं ते फेकून दिलं का?”

“नाही की. फाइलमध्ये पडून असतंय.” रुखसार पुन्हा पडद्याकडं वळली. “उलट तुमचीच नक्षी सगळ्यात पक्की असणार. तीनशे बारा वेळा टिपलीय. थांबा, भिंत-पंखा काढून नुसता चेहरा लावून बघते.”

वीस मिनिटं लागली. मी समोरच्या भिंतीवरची जाहिरात वाचत बसले. एक हसरी म्हातारी आणि खाली लिहिलेलं, ‘त्यांच्या मनातलं, तुमच्या हातात.’ सहा महिन्यांच्या एकशे ब्याऐंशी रात्री होत्या. आकडा आला. चारशे सात.

मी आकड्याकडं बघत राहिले. दादाच्या जवळजवळ दुप्पट. शनिवार होता, दादाची गाडी निघाली असणार, आणि माझ्या हातात आता त्याच्यापेक्षा मोठा आकडा होता. हा त्याच्या तोंडावर मारायचा, मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणायचं आणि गाडी रिकामी परत पाठवायची. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

“स्वप्नात मी काय करत असते?” मी विचारलं.

रुखसार जरा घुटमळली. “चेहऱ्याबरोबर ढोबळ गोष्टी कळतात. उभं, बसलेलं, चालतंय, असं. तुमचं जवळजवळ प्रत्येक वेळी एकच आलंय. आडवी. डोळे मिटलेले. हालचाल नाही.”

“झोपलेली?”

“असू शकतंय.”

“किंवा मेलेली.”

“यंत्राला त्या दोन्हीतला फरक कळत नाही, ताई.” तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. “कंपनीनं अर्थ लावायचं वेगळं पॅकेज काढलंय, पण मी तुम्हाला ते घ्या म्हणणार नाही. ते दुसऱ्या हजार माणसांच्या स्वप्नांवरनं अंदाज करून मधलं भरतंय. नसलेलं घालतंय.”

नसलेलं घालतंय. हे आईचंच वाक्य उलटं होऊन माझ्यापुढं आलं होतं. चारशे सात वेळा आईनं मला आडवं, निश्चल पाहिलं होतं. गुरुवारी मी तिला जे बोलले होते ते आठवलं. केस ओढलेलेही आठवले. मी मरावं असं तिला वाटत असेल तर तिला दोष देता आला नसता. पण ते सहा महिन्यांचं स्वप्न होतं, गुरुवारच्याही आधीचं.

“मग कळणार कसं?” मी म्हटलं.

“तुमची आई शुद्धीवर असते नव्हं?” रुखसार म्हणाली. “समजतंय त्यांना?”

“सगळं समजतं.”

“मग विचारा की त्यांना.”

हे तिनं अगदी साधेपणानं म्हटलं. मी जिना उतरले तेव्हा मला माझाच इतका संताप आला होता की रिक्षावाल्याला मी घराचा पत्ताही ओरडून सांगितला. दोन वर्षं तिला मी विचारत होते, पाणी हवं का, लघवी लागली का, पडदा ओढू का. कुणाकडं राहायचंय, हे मी विचारलं नव्हतं. दादानं नाही, डॉक्टरांनी नाही. हो आणि नाही तिला दोन्ही येत होतं. आम्ही सगळे ती झोपायची वाट बघत होतो.

दीड वाजता घरी पोचले. मगदूमकाकू गेल्या. मी खुर्ची ओढून पलंगाशी बसले, हात रिकामे ठेवून. आई भिंतीकडंच बघत होती.

“आई, गुरुवारी मी जे बोलले ते वाईट बोलले. चुकले मी.”

मी खुर्ची आणखी पुढं घेतली.

“तुझ्या स्वप्नात मी येते. आडवी पडलेली. मी मेलेली असते का?”

तिनं मान वळवली. डोळे मोठे करून माझ्याकडं बघितलं आणि कठड्यावर दोनदा ठोकलं, इतक्या जोरात की अंगठी सरकली. टक टक.

“मग झोपलेली?”

टक.

मी रडू आवरलं, कारण खरा प्रश्न अजून राहिला होता आणि घड्याळ पुढं चाललं होतं. “दादा येतोय. त्याच्याकडं हैदराबादला जायचंय तुला?”

आई थांबली. मग एकदाच. टक.

मी उठून उभी राहिले. रुखसारनं चारशे सात हा आकडा छापून दिलेला कागद माझ्या पर्समध्ये होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

“दादाची ओढ आहे म्हणून?”

टक टक.

“मी नीट बघत नाही म्हणून?”

टक टक.

तिनं डावा हात उचलला. आधी तिनं माझ्याकडं बोट केलं, मग तळवा उलटा करून गालाखाली घेतला आणि डोळे मिटले. लहान मुलाला झोप म्हणून सांगतात तसं. मग डोळे उघडून पुन्हा माझ्याकडं बोट केलं.

“मला झोप मिळावी म्हणून तू जाणार?”

टक.

आता खरं तर मी तिच्या गळ्यात पडायला हवं होतं. पण त्या क्षणी मला जो राग आला, तसा राग मला दादाचा आला नव्हता, यंत्राचा आला नव्हता. सहा महिने ही बाई मनात ठरवून पडून होती. माझ्या झोपेचा, माझ्या आयुष्याचा निर्णय हिनं परस्पर घेतला होता.

“हे मला विचारलंस तू?” माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. “मला काय हवंय ते विचारलंस एकदा तरी?”

आई माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच, टक टक.

“मग कशाला ठरवलंस? रात्रीची बाई मीही ठेवीन. दादा काढेल खर्च, इतका उमाळा आलाय त्याला. आठवड्यातनं चार रात्री मी वरच्या खोलीत झोपेन. चालेल?”

टक टक.

“का नाही? अनोळखी बाई नको?”

टक.

“हैदराबादेत काय ओळखीच्या बायका असणार आहेत? तिथं चालतात आणि इथं चालत नाहीत?”

आईचे ओठ वाकडे झाले. चिडली की तिचे ओठ असेच वाकडे व्हायचे, ब्रश दातात धरून गिऱ्हाइकाशी वाद घालायची तेव्हा. दोन वर्षांनी मी तो चेहरा बघत होते. तिनं कठडा बडवायला सुरुवात केली आणि मीही थांबले नाही. मी म्हटलं, पाच रात्री. तिनं दोनदा ठोकलं. मी म्हटलं, मग दोन महिने दादाकडं आणि दहा महिने इथं. तिनं हात वर करून चार बोटं दाखवली. मी म्हटलं, चार महिने मुळीच नाही, तीन. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं आणि दादा आत आला. त्याच्या हातात नवं कोरं ब्लँकेट होतं.

“काय चाललंय?” तो घाबरून म्हणाला. “आई का ठोकतीय अशी? नोंद बघितलीस का आजची?”

“बाहेर थांब थोडा वेळ,” मी म्हटलं. “आमचं भांडण चाललंय.”